भिंत रंगवण्याआधी: ठाणे-नवी मुंबईत ट्रान्सजेंडर व्यक्तींना उपयोगी पडायचं असेल तर

प्रश्न घणसोलीच्या एका सोसायटीच्या मंडळाचा आहे. ३१ मार्चला, म्हणजे ट्रान्सजेंडर दृश्यमानता दिनाला, त्यांना तीन गोष्टी करायच्या आहेत: कुंपणाच्या भिंतीवर मोठं चित्र, एक आरोग्य शिबिर आणि परिसरातल्या तृतीयपंथीयांना साडीवाटप. त्याच सोसायटीतली २२ वर्षांची एक मुलगी ट्रान्स आहे, म्हणजे जन्मतः तिची नोंद मुलगा म्हणून झाली होती. तिनं घरी सांगितलंय, आणि पुढं काय करायचं असं तिच्या आईनंही विचारलंय. दोघांना एकत्रच उत्तर देतो, कारण कामं एकमेकांत गुंतलेली आहेत.

साडीवाटप रद्द करा. ते पैसे रिक्षाभाडं, झेरॉक्स, नोटरी आणि लॅबच्या बिलांसाठी बाजूला काढा. साडी घेताना फोटो काढला जातो आणि फोटोनंतर संबंध संपतो. ज्या कामाला माणूस मिळत नाही ते काम म्हणजे सोबत जाणं. कलेक्टर कचेरीत, आधार केंद्रात, रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीशी एकट्या ट्रान्स व्यक्तीला जे उत्तर मिळतं, ते शेजारी फाइल घेऊन उभा असलेला एखादा काका किंवा काकू असली की बदलतं. हे असं व्हायला नको, पण होतं. तुमच्या मंडळात निवृत्त बँकवाले, शिक्षिका, सरकारी खात्यातले लोक असतीलच. महिन्यातले दोन दिवस देणारी पाच माणसं मिळाली तरी चित्रापेक्षा मोठं काम होईल.

आधी बोलण्याचं. ‘तृतीयपंथी’ हा सरकारी कागदांवरचा शब्द आहे, ‘पारलिंगी’ आणि ‘ट्रान्स’ हे चळवळीत आणि तरुणांत चालतात. ‘हिजडा’ ही घराणी, गुरू आणि चेले असलेल्या जुन्या समाजाची स्वतःची ओळख आहे, पण बाहेरच्या माणसाच्या तोंडी तो शब्द शिवीच ठरतो. ‘तुम्हाला काय म्हणू?’ असं सरळ विचारा. बहुतेक वेळा ताई, मावशी किंवा दादा असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. दुसरं असं की, सिग्नलवर आणि लोकलमध्ये दिसणाऱ्यांनाच डोळ्यांपुढं ठेवून कार्यक्रम आखला, तर ऐरोलीच्या कंपनीत काम करणारी ट्रान्स मुलगी सुटते आणि ट्रान्स पुरुष तर हमखास सुटतो. जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेला, आज पुरुष म्हणून जगणारा माणूस तुमच्याच इमारतीत असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल. ते कळवायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं.

आता कागद. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालानं स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. त्या खटल्यात ठाण्याच्या ट्रान्स कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी हस्तक्षेप अर्ज केला होता, हे ठाणेकरांनी लक्षात ठेवायला हवं. पुढं २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या नियमांनुसार जिल्हाधिकारी ओळखपत्र आणि प्रमाणपत्र देतात. अर्ज केंद्र सरकारच्या ट्रान्सजेंडर पोर्टलवर करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. २०२० च्या मूळ नियमांत या पहिल्या प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय तपासणीची अट नव्हती, ३० दिवसांत निर्णय अपेक्षित होता आणि अर्ज फेटाळला तर कळवल्यापासून ९० दिवसांत अपील करता येत होतं. कायद्यात दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरची चालू सूचना आणि प्रतिज्ञापत्राचा चालू नमुना उघडून वाचा. जुना छापील नमुना कुणाकडून आणू नका.

अर्ज अडतात ते बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, जिल्हा. ‘नवी मुंबई’ लिहिलं की लोक ठाणे निवडतात. दिघा, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात, म्हणजे घणसोलीचा अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. पण खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल रायगडात येतात, तिथला अर्ज अलिबागला जातो. पिनकोडवरून अंदाज बांधू नका, पत्ता कोणत्या तालुक्यात येतो ते बघा.

दुसरं, पत्ता. नियमांत त्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहत असल्याची अट आहे. घरातून बाहेर काढलेल्या किंवा गुरूच्या घरी राहणाऱ्या व्यक्तीचं आधार सोलापूरचं किंवा बिहारचं असतं आणि वीजबिल गुरूच्या नावावर. यावर उपाय दोन. भाड्यानं राहत असल्यास लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार करून घ्या. महाराष्ट्रात ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, हे त्याला कागद दाखवून सांगा. तेही नसेल तर आधारच्या ठरलेल्या नमुन्यात राजपत्रित अधिकारी, आमदार किंवा नगरसेवक यांची सही, शिक्का आणि फोटोवर आडवी सही घ्या. हा नमुना सही केल्यापासून तीनच महिने चालतो. सही घेऊन ठेवली आणि आधार केंद्राची वेळ चौथ्या महिन्यात मिळाली, असं वारंवार होतं. आधी केंद्राची वेळ घ्या, मग सही.

तिसरं, नाव. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम, काही कागदांवर आडनाव आधी. कुणी वडिलांचं नाव काढून टाकतं, कुणी गुरूचं घालतं. व्यक्तीचा तो हक्कच आहे, पण एकदा ठरवलं की प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँक या सगळीकडं अक्षरन् अक्षर सारखं हवं. इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि लिंग एकदाच, त्यामुळं घाईत केलेली चूक महाग पडते. क्रम असा ठेवा: आधी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, मग आधार, मग पॅन, मग बँक, शेवटी शिधापत्रिका. कायद्यानं प्रमाणपत्र पुरेसं असलं तरी बँका आणि विद्यापीठं राज्याच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद मागतात. ती ऑनलाइन करता येते, सोबतच करून टाका. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांसाठी मात्र मार्ग शाळेतून जातो: शाळेचा अर्ज, मग विभागीय मंडळ. मुंबई विभागाचं मंडळ वाशीलाच आहे, तेव्हा घणसोलीहून अर्ध्या तासाचं काम. मुलगी २२ ची आहे, नोकरीला लागण्याआधीच हे उरकलं तर पुढं प्रत्येक एचआरपुढं जुनं नाव उघडं करावं लागत नाही.

आईसाठी. मुलीला कुठलाही आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, हा विषय मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टराकडं, बाबाकडं किंवा शॉक देणाऱ्याकडं तिला नेऊ नका. अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडं जाण्याचं कारण वेगळं: घरातले ताण, झोप, आत्महत्येचे विचार. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो फ्रिजवर लावून ठेवा, तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही.

शरीर आपल्या ओळखीसारखं व्हावं म्हणून घेतले जाणारे हार्मोन हा या उत्तरातला सर्वात काळजीचा भाग. डॉक्टराकडं जायची भीती वाटते म्हणून मुली औषधांच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या घेतात, दिवसाला दोन, तीन, चार. माला-डी सारख्या गोळ्यांत इथिनाइल इस्ट्राडिओल असतं. पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका त्यानं वाढतो, आणि सिगारेट किंवा तंबाखू सोबत असेल तर तो आणखी वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ येणं यातलं काहीही झालं तर वाट न बघता इमर्जन्सी गाठायची आणि गोळ्या घेतल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, साधारणपणे इस्ट्राडिओल व्हॅलरेट दिवसाला २ ते ६ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात देतात आणि पुरुषी हार्मोन दाबण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन किंवा कमी मात्रेत सायप्रोटेरोन जोडतात. हे आकडे गोळी ओळखता यावी म्हणून दिले आहेत, स्वतः ठरवून घ्यायला नव्हे. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. आपल्याकडं उन्हाळ्यात थकवा आला की शहाळं पाजतात, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. या गोळीवर रोज शहाळं नको. पाणी मात्र भरपूर प्यायचं, कारण ही गोळी लघवीवाटे पाणी काढते.

अपेक्षाही खऱ्या ठेवा. छातीची वाढ तीन ते सहा महिन्यांत सुरू होते आणि पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं जातात. आवाज या औषधांनी बदलत नाही, त्याला व्हॉइस थेरपीच लागते. दाढीही जात नाही, त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस. पुढं स्वतःचं मूल हवं असं थोडं जरी मनात असेल तर शुक्राणू गोठवण्याचा निर्णय औषध सुरू होण्याआधीच घ्यावा लागतो. घाई झाली म्हणून मात्रा दुप्पट केली तर वाढ लवकर होत नाही, धोका तेवढा वाढतो.

ट्रान्स पुरुषांना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं असतात. मिश्र एस्टरची २५० मिलिग्रॅमची तेलकट इंजेक्शनं आपल्याकडं सर्रास मिळतात, त्यातल्या काहींत शेंगदाण्याचं तेल असतं. दाण्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. दोन इंजेक्शनांत फार अंतर पडलं की शेवटच्या आठवड्यात चिडचिड आणि थकवा येतो. मग माणूस स्वतःच मात्रा वाढवतो. वाढवायची नाही, डॉक्टरांकडून अंतर कमी करून घ्यायचं. टेस्टोस्टेरॉननं रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांवर गेलं की मात्रा कमी करावी लागते किंवा औषध थांबवावं लागतं. इथं लॅबचा घोळ होतो: फॉर्मवर ‘स्त्री’ लिहिलं तर पुरुषासाठी नेहमीचं असलेलं हिमोग्लोबिन लाल अक्षरांत छापून येतं आणि घरात घबराट होते. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना औषध आणि त्याची सुरुवातीची तारीख लिहून द्या. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासण्या, पुढं वर्षातून एक-दोनदा, हा ट्रान्स स्त्री आणि ट्रान्स पुरुष दोघांसाठी नियम.

छाती बांधण्याबद्दल एक गोष्ट. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी वापरू नये. श्वास घेताना बँडेज आवळत जातं, बरगड्या दुखतात. मापाचा बाइंडर (छाती सपाट ठेवणारी घट्ट बंडी) घ्यावा, दिवसाला आठ तासांच्या आत, झोपताना कधीच नाही. आपल्या हवेत, ठाणे ते वाशी गर्दीच्या लोकलमधून आल्यावर, बाइंडरखाली घाम साचून गजकर्ण होतं. दोन बाइंडर ठेवा, रोज धुवा, काखेखालची त्वचा पूर्ण कोरडी करून मगच घाला. खाज सुटली तर मेडिकलवरची स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. त्यानं गजकर्ण दबतं आणि मग पसरतं.

ज्यांनी अप्रशिक्षित माणसाकडून निर्वाण, म्हणजे लिंग आणि वृषणं काढून टाकण्याची क्रिया, करून घेतलं आहे, त्या मावश्यांना विचारायचा प्रश्न वेगळा. लघवीची धार बारीक झाली आहे का, थांबून थांबून होते का? तसं असेल तर मूत्रमार्ग आकसलेला असतो आणि युरॉलॉजीची ओपीडी गाठायला हवी. वृषणं काढल्यावर हार्मोनही बंद ठेवले तर हाडं पोकळ होतात, चाळिशीतच कंबर मोडते. याबद्दल त्यांच्याशी कुणी बोलतच नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हार्मोन पुन्हा सुरू करण्याचा सल्ला हे तुमच्या शिबिरात आणता येईल.

शिबिराचंच बोलायचं तर मांडव आणि लाऊडस्पीकर नको. सोसायटीच्या हॉलमध्ये पडदे लावून दोन बंद कोपरे करा. नाव पुकारू नका, टोकन द्या. दिवस आणि वेळ डेऱ्याच्या, म्हणजे गुरू-चेल्यांच्या घराच्या, गुरूंना विचारून ठरवा, कारण बाजारात मंगतीला (पैसे मागायला) जाणाऱ्यांचे वार ठरलेले असतात आणि त्या दिवशी शिबिर ठेवलं तर हॉल रिकामाच राहील. गुरूंना आधी भेटल्याशिवाय चेल्यांना परस्पर बोलावणं हा अपमान समजला जातो. मात्र गुरूच्या देखत तपासणी करू नका. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, हिपॅटायटिस बी ची लस (शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन वेळा, म्हणून पुढच्या दोन तारखा त्याच दिवशी लिहून द्या) एवढं पुरे. एचआयव्ही तपासणी करायची तर सरकारी समुपदेशन केंद्राच्या लोकांकडूनच, संमती घेऊन. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन जवळचं केंद्र सांगते. शिबिरात सापडलेल्या प्रत्येक तक्रारीला पुढं कुठल्या ओपीडीत, कुठल्या वारी आणि कोण सोबत जाणार हे लिहिलेलं नसेल तर शिबिर घेऊ नका.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिका रुग्णालय ही तुमच्या भागातली मोठी सार्वजनिक रुग्णालयं. कुठल्याही सार्वजनिक रुग्णालयात पहिली अडचण खिडकीवर येते. खिडकीतला माणूस आधारवरचं जुनं नाव लिहितो, आणि तासाभरानं ओपीडीच्या दारातून मावशी तेच नाव मोठ्यानं पुकारतात. शंभर माणसांच्या डोळ्यांसमोर साडीतली मुलगी उठते. कित्येक जणी उठतच नाहीत, केसपेपर चुरगाळून निघून जातात. सोबतच्यानं एवढंच करायचं: खिडकीवर हळू आवाजात सांगून चालू नाव कंसात लिहून घ्यायचं आणि दारातल्या मावशींना ‘आडनावानं किंवा नंबरानं हाक मारा’ असं आधीच सांगून ठेवायचं. दाखल व्हायचं असेल तर वॉर्ड कुठला याचा अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लेखी द्या आणि पोचशिक्का घ्या. कायद्याच्या कलम १५ मध्ये सरकारनं ट्रान्स व्यक्तींना आरोग्यसेवा द्यायची आहे, अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा. प्रमाणपत्र हातात आलं की आयुष्मान भारतच्या ट्रान्सजेंडर योजनेतल्या वर्षाला ५ लाख रुपयांच्या संरक्षणाबद्दल रुग्णालयातल्या आयुष्मान कक्षात विचारा.

आता भिंत. चित्राला विरोध नाही, उलट ते मला हवंच आहे, पण ते कोण काढतं यावर सगळं आहे. बेंगळुरूचा अरावनी आर्ट प्रोजेक्ट ट्रान्स स्त्रियांच्या हाती ब्रश देऊन शहरोशहरी भिंती रंगवतो, हा चांगला नमुना. बाहेरून चित्रकार आणून ‘त्यांच्यावर’ चित्र काढलं, पंख लावलेले दोन हात आणि इंद्रधनुष्य, तर ते सोसायटीचं चित्र झालं. पहिल्या बैठकीत विषय त्यांना ठरवू द्या. घराण्यातल्या गुरूंचे चेहरे येतील, यल्लम्मा आणि जोगत्यांचं चौंडकं येईल, किंवा कुणाला फक्त नोकरीचं आयकार्ड गळ्यात घातलेली बाई काढायची असेल. कर्नाटकातल्या मंजम्मा जोगती यांना पद्मश्री मिळाली ती जोगत्यांच्या कलेसाठी, आणि दिशा पिंकी शेख मराठीत कविता लिहितात. ही परंपरा आपल्या भाषेत आणि शेजारीच आहे.

भिंत कोणाची हे आधी बघा. सोसायटीच्या आतली असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव, रस्त्याकडची महापालिकेची असेल तर विभाग कार्यालयाची लेखी परवानगी. स्टेशनजवळच्या भिंतींत सिडको आणि रेल्वे यांची हद्द गुंतलेली असते, तिथं पडू नका. काम फेब्रुवारीत करा. ३० फूट लांब, ८ फूट उंच म्हणजे २४० चौरस फूट धरा: बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक प्रायमर ३ लिटर, पांढऱ्या एक्स्टेरियर इमल्शनचे दोन हात ५ लिटर, आणि सहा रंग प्रत्येकी १ लिटर. आधी तारेच्या ब्रशनं पोपडे काढा. बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली तर तो लोणा असू शकतो, आतून ओल येतेय का बघा. पाइप किंवा कुंडीची गळती बंद केल्याशिवाय रंग लावाल तर पहिल्याच पावसात चेहऱ्यांवर फोड येतील. नवा गिलावा असेल तर २८ दिवस थांबा. गेरू, काळा आणि मातकट रंग टिकतात, राणी आणि जांभळा पश्चिमेच्या उन्हात सर्वात आधी उडतात. म्हणून ते सावलीच्या टोकाला घ्या आणि उरलेला रंग दुरुस्तीला ठेवा. खालचे साडेतीन फूट नक्षीच ठेवा, चेहरे त्याच्या वर. खाली स्कूटर टेकतात आणि पिचकाऱ्या उडतात.

रंगवणाऱ्या प्रत्येकीला रोज संध्याकाळी, तुम्ही मुख्य चित्रकाराला द्याल त्याच दरानं, रोख मजुरी द्या. तिचा मंगतीचा दिवस बुडालेला असतो. संमतीचा कागद मराठीत आणि तीन वेगळ्या सह्यांचा करा: भिंतीवर चेहरा, फोटो काढणं आणि तो फोटो इंटरनेटवर टाकणं. पहिलीला हो म्हणणारी तिसरीला नाही म्हणू शकते, कारण गावाकडं आईला माहीत नसतं. नंतर नको म्हटलं तर चेहरा बदलायचा, कारण विचारायचं नाही.

तुमच्या इमारतीतल्या मुलीला भिंतीवर आणू नका, ती स्वतःहून आली तरच. तिच्यासाठी या आठवड्यात मंडळाला करता येण्यासारखं एक काम आहे, तिला विचारून: गेटच्या ॲपवर, वॉचमनच्या वहीत आणि इंटरकॉमच्या यादीत तिचं आत्ताचं नाव घालून घ्या. त्याला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही, सेक्रेटरीची सही पुरते.